हसली ती विनोदालाच

उत्कर्षा जन्मली ती निळी पडलेली. नाळ मानेभोवती आवळलेली, श्वास उशिरा सुरू झाला. तेवढ्यात मेंदूला प्राणवायू कमी पडून व्हायची ती इजा झाली. मान धरेना, हात भलतीकडे वळत, शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, "हालचालींवर परिणाम झालाय. समज किती, ते ती वाढेल तसं दिसेल." वाट बघायला वेळ आहे कुणाला! नातेवाइकांनी 'हिला काही कळत नाही' असं ठरवून टाकलं आणि पोरीच्या देखत वाट्टेल ते बोलू लागले. ऐकून ऐकून तिच्या आईला, श्रद्धालाही ते पटलं.

श्रद्धा आणि सुदर्शन मूळचे बुलढाण्याचे. सुदर्शनला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागल्यावर पुण्यात कर्वेनगरात स्थिरावलेले. उत्कर्षा सहा वर्षांची झाली, त्या वर्षी दारी मोटार आली. सुदर्शनने ती थेट जिन्याच्या तोंडाशी लावली.

शेजारचे शरच्चंद्रकाका जन्माने पेठेतले. ते जिन्यात थांबून म्हणाले, "वा! उत्तम जागा शोधलीत. आम्ही आपले खिडकीतून ये-जा करू."

"अहो काका, खिडकीतून कशाला? पडाल ना!" श्रद्धा कळवळून म्हणाली.

तिच्या कडेवरची उत्कर्षा खदखदून हसली. सगळं अंग हललं. श्रद्धा घाबरली, तिला वाटलं, झटकाच आला.

"झटका कसला? विनोदाला हसली ती," काका म्हणाले.

"छे हो. मधूनच हसते अशी."

"थांबा." काकांनी चेहरा कोरा केला. "आज मंडईत वांगी स्वस्त होती." पोर गप्प. "तुझ्या बाबांसारखा ड्रायव्हर लाभला, हे पुण्याचं भाग्य. गाडी दिसली की रस्ता आपोआप रिकामा होतो."

उत्कर्षा पुन्हा खदखदली.

काका एकदम हळू आवाजात म्हणाले, "बाळ, मी बोलतो ते कळतं तुला? कळत असेल तर वर बघ."

डोळे वर गेले. आणि वरच राहिले.

पुण्यात इतकी वर्षं काढून श्रद्धाला स्वतःला टोमणा कळत नव्हता, आणि या पोरीला कळत होता! कुणी शिकवला? कुणीच नाही. मानेवर न सावरणाऱ्या त्या डोक्यात सहा वर्षं एक अख्खं माणूस बसून ऐकत होतं. 'देवाने नेली असती तर सुटली असती', तेही ऐकलं असणार. आणि तरी हसत होतं!

पोटच्या मुलीला तिने आजवर एक साधा प्रश्न विचारला नव्हता. आता विचारला.

"उत्कर्षा, रोजची नाचणीची लापशी आवडते तुला? आवडत असेल तर वर बघ."

उत्कर्षाने डोळे खाली वळवले आणि निक्षून जमिनीवर रोखले.

श्रद्धा तिला मांडीवर घेऊन तिथेच पायरीवर बसली आणि पुढचं विचारू लागली.