डाव्या हातातल्या किल्ल्या

परकायाप्रवेशाच्या कथा आपण बालपणी ऐकलेल्या असतात. योगी आपला देह गुहेत ठेवतो, दुसऱ्याच्या देहात शिरतो आणि कार्य आटोपले की परततो. त्या कथांत एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही : ज्या घरातल्या देहात तो शिरला, त्या घरच्या माणसांनी त्याचे काय केले? आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या बाईंना पाहिल्यापासून हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

त्या घरात दोघी जावा राहतात. त्यांचे पती सख्खे भाऊ होते. दोघेही आता नाहीत. थोरल्या बाईंच्या खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांचे जग खिडकीजवळच्या आरामखुर्चीएवढे झाले आहे. धाकट्या बाई एका दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसतात, येणाऱ्यांना वेळ देतात आणि कण्हणाऱ्यांना धीर देतात. दाढ काढायला आलेल्याचा निम्मा ठणका त्यांच्या आवाजानेच उतरतो, असे दंतवैद्य स्वतः म्हणत. याच आवाजाच्या बळावर त्या सुट्टीच्या दिवशी हौशी नाटकांतून कामे करीत. पण कामे कसली, तर शेजारीण, परिचारिका, तार घेऊन येणारी बाई. थोरल्या बाई म्हणत, "आमच्या धाकटीनं रंगभूमीची फार सेवा केली. जन्मभर दारं उघडली आणि निरोप दिले." यावर दोघी सारख्याच हसत.

या दोघींच्या संसारात एक तिसरी स्त्रीही होती. ती रोज सायंकाळी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर येई. एका कौटुंबिक मालिकेतली ती आत्या. कथा नायक-नायिकेची, आत्या त्यांच्या पाठीशी उभी असलेली. परंतु घराचा भार तुळईवर असला तरी टेकायला खांबच लागतो, तसे प्रेक्षकांचे तिच्याशी झाले होते. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कुणाला न रुचणारे सत्य सांगायची वेळ आली की ती आधी तो जुडगा डाव्या हातात घेऊन टेबलाच्या कडेवर हलकेच आपटी आणि मग बोले. तो आवाज झाला की घरोघरी माणसे हातातले काम थांबवीत.

थोरल्या बाईंचे पती गेले त्या दिवसांत लोक येऊन सांत्वनाचे पुष्कळ शब्द बोलून गेले, आणि एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. त्याच सुमारास मालिकेत आत्याचा भाऊ वारला. ती त्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसली, तिने किल्ल्या वाजवल्या आणि ती काहीच न बोलता उठून गेली. थोरल्या बाई त्या दिवशी प्रथम रडल्या. तेव्हापासून ती आत्या त्यांची झाली. सायंकाळी त्या पडद्याशी मोठ्याने बोलत : "सांगा त्याला, आत्याबाई. भीड कसली धरता?" धाकट्या बाई शेजारी बसून चहा ओतत. तेवढा प्रहर हा त्या घराचा सण होता.

अशा घरात एके दिवशी धाकट्या बाई हर्षभराने आल्या.

"जाऊबाई, मालिकेत काम मिळालं. चांगलं मोठं."

"कुठल्या गं?"

"आपल्याच."

"अगं बाई. कोण झालीस? नवी शेजारीण?"

"आत्या."

थोरल्या बाईंनी पेला खाली ठेवला. जावेकडे पाहत त्यांनी विचारले, "आणि आत्या कुठे गेली?"

या प्रश्नाचे उत्तर धाकट्या बाईंना ठाऊक होते आणि देता येत नव्हते. आधीच्या अभिनेत्री आजारी होत्या. निर्मात्याने भूमिका देतानाच सांगितले होते की, ही गोष्ट बाहेर जाऊ नये अशी त्या बाईंची इच्छा आहे. धाकट्या बाईंनी शब्द दिला होता. जाहीर निवेदनात फक्त 'वैयक्तिक कारण' एवढेच आले. आणि जिथे कारण नसते तिथे लोक आपले कारण ठेवतात. रिकाम्या जागी केर साचावा तसे.

नव्या आत्याचा पहिला भाग आला त्या सायंकाळी दोघी नेहमीप्रमाणे बसल्या. पडद्यावर धाकट्या बाई दिसताच थोरल्या बाईंनी रिमोट उचलून आवाज बंद केला.

"जाऊबाई?"

"तू माझ्या शेजारी बसली आहेस ना? मग तिकडे कोण बोलतंय ते मला नाही ऐकायचं." त्या चिडल्या नव्हत्या, सहज बोलल्या. म्हणूनच ते अधिक लागले. नायिका आली की आवाज सुरू होई, आत्या आली की बंद. एकाच खोलीत एकाच स्त्रीला जवळ बसवून घेणे आणि मुकी करणे, असे रोज चालू झाले.

बाहेर तर कुणाच्याच तोंडाला हात लावता येत नव्हता. औषधाच्या दुकानातला माणूस गोळ्या बांधता बांधता म्हणाला, "राग मानू नका. तुम्ही वाईट करत नाही. पण त्या आमच्या घरातल्या होत्या हो." भाजीवाली अधिक स्पष्ट होती : "ताई, खरं सांगा, त्यांना काढलं, की तुम्ही वशिला लावला?" दवाखान्यात एक गृहस्थ गालाला हात लावून आत आले, टेबलाशी धाकट्या बाईंना पाहून थबकले आणि दुखऱ्या दाढेसकट म्हणाले, "अरेच्चा. तोतया आत्या." मोबाइलवर लोकांनी लिहिलेले तर वाचवत नसे. कुणी म्हणे, ही आत्या नव्हे, आत्याची भाडेकरू. कुणी म्हणे, आवाज चांगला आहे, पण आवाज काय, फलाटावर गाडीची सूचना देणाऱ्या बाईचाही चांगला असतो. आणि सर्वांचे एकमत झालेला आरोप एकच होता : "किल्ल्या उजव्या हातात? आत्या डावखुरी आहे, एवढंही बघितलं नाही?"

हा आरोप मात्र खरा होता; पाहिले रोज होते, पण डाव्या हाताला ते साधत नव्हते. धाकट्या बाईंनी तो मनावर घेतला. दवाखान्यातल्या टेबलावर त्या डाव्या हाताने किल्ल्या आपटून पाहू लागल्या; जुडगा कधी बोटांतून निसटे, कधी भलत्याच जोराने आदळे आणि रांगेतले रुग्ण दचकत. शेवटी त्यांनी कपडेपट सांभाळणाऱ्या काकांना विचारले. काकांनी आधीच्या बाईंचेच पोशाख शिवणी उसवून यांच्या मापाचे केले होते. त्या बाईंना त्यांच्याइतके जवळून कुणी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "मला विचारू नका. त्यांनाच विचारा. पत्ता देतो, पण मी दिला म्हणू नका."

आधीच्या बाई एका अरुंद गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होत्या. दार त्यांच्या नणंदेने उघडले. पाहुणीला पाहताच तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "या. आमच्या वहिनींची जागा घेतलीत, आता चहाही घेऊन जा."

आतून आवाज आला, "येऊ दे तिला. तू उगाच तिला शिव्या घालतेस, तिनं मला काढलेलं नाही."

धाकट्या बाई आत गेल्या. पलंगावर ती आत्या बसली होती. कमरेला किल्ल्या नव्हत्या. दोन्ही हात पांघरुणाखाली होते. धाकट्या बाईंनी नमस्कार केला आणि संकोचत विचारले, "तुमची ती लकब शिकायची आहे. किल्ल्यांची. मी उजव्या हातानं करते, लोक रागावतात. तुम्ही डावखुऱ्या, मला काही ते..."

"मी कुठली डावखुरी?" बाई हसल्या. "मी उजव्याच हाताची."

त्यांनी पांघरूण बाजूला केले. उजवा हात थरथरत होता. वाऱ्यात पान हलावे तसा, अखंड. त्या बोलू लागल्या. मालिका सुरू झाली तेव्हा हा कंप नुकताच सुरू झाला होता. किल्ल्या कमरेला, उजवा हात नेमका तिथेच, त्यामुळे हाताबरोबर किल्ल्या किणकिणत. ध्वनी टिपणारा मुलगा सारखा म्हणे, हा आवाज कुठून येतो? कळले असते तर काम गेले असते. म्हणून एके दिवशी त्यांनी उजवा हात शालीखाली घेतला, डाव्या हाताने जुडगा उचलला आणि मुद्दामच टेबलावर वाजवला. दिग्दर्शक खूश झाला. म्हणाला, वा, काय सुचलं तुम्हाला. पुढे लेखकाने आत्याला डावखुरी करून टाकले.

"लोकांना वाटायचं, आत्या विचार करून बोलते. आत्या हात लपवून बोलायची गं. आता डावाही धरेना, म्हणून थांबले." मग त्या म्हणाल्या, "आता तू कर. डाव्याच हातानं कर. उजवा शालीत ठेव. मनगट नाही हलवायचं, कोपर हलवायचं. आवाज मऊ येतो."

धाकट्या बाई शिकल्या. निघताना मात्र त्या दारात थांबल्या. "एक विनंती आहे. माझ्या जाऊबाई आहेत घरी. त्यांचा तुमच्यावर फार जीव. त्यांना वाटतं मी तुम्हाला घालवलं. त्यांना एकट्यांना सांगू? कुणाला सांगणार नाहीत त्या."

बाईंनी पांघरूण पुन्हा हातांवर ओढले. "एकीला सांगितलेलं एकीपाशी राहतं का कधी? आणि त्यांचा जीव आहे म्हणतेस ना, मग तर नकोच. उद्यापासून त्या आठवणीतल्या आत्याचा हात बघत बसतील. माझी आत्या तरी धडधाकट राहू दे."

इकडे आड, तिकडे विहीर. धाकट्या बाईंनी मान डोलावली.

पुढच्या चित्रीकरणात उजवा हात शालीत गेला, डावा जुडग्यावर. काकांनी लांबून पाहिले आणि तोंड फिरवून ते सुईत दोरा ओवीत राहिले. प्रथम लोकांनी 'नक्कल' म्हणून हिणवले. उजव्याने केले तर अज्ञान, डाव्याने केले तर चोरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण लोकांचा रागही लोकांसारखाच असतो. एका जागी फार दिवस बसला की कंटाळतो. हळूहळू कुणी लिहू लागले, 'आता जमतंय.' औषधवाल्याने एकदा सुटे पैसे देताना "घ्या, आत्याबाई," म्हटले, आणि ते त्याच्याही लक्षात आले नाही. ज्या गुणासाठी लोक आता त्यांना वाखाणू लागले, तो मुळात एका आजारी स्त्रीच्या हाताचा कंप होता. प्रत्येक कौतुकाच्या शब्दासरशी त्यांना पांघरुणाखालचा हात दिसे. वंचना म्हणावी, तर ती त्यांनी केलेली नव्हती. आणि सेवा म्हणावी, तर ती कुणाला सांगता येत नव्हती.

घरातला पडदा मात्र मुकाच होता. मग एका सायंकाळी थोरल्या बाईंना औषधाने डुलकी लागली आणि रिमोट त्यांच्या हातून घसरला. नायिकेच्या प्रसंगासाठी सुरू केलेला आवाज तसाच राहिला. आत्या आली. धाकट्या बाई रिमोट उचलायला वाकल्या. जावेची झोप मोडू नये एवढेच त्यांच्या मनात होते. तेवढ्यात पडद्यावर किल्ल्या वाजल्या, मऊ, कोपरातून.

थोरल्या बाईंनी डोळे उघडले. "बोला, आत्याबाई," त्या अर्धवट झोपेतच म्हणाल्या. मग त्यांनी पडद्याकडे पाहिले, शेजारी पाहिले आणि जावेच्या हातातला रिमोट काढून घेतला. आवाज बंद होईल म्हणून धाकट्या बाई मान खाली घालून बसल्या. आवाज वाढला.

संपूर्ण भाग त्यांनी ऐकला. शेवटी त्या म्हणाल्या, "शिकलीस की गं, धाकटे. अगदी तिच्यासारखं." इतक्या दिवसांनंतर त्यांनी जावेच्या पाठीवरून हात फिरवला.

धाकट्या बाईंचे डोळे भरून आले. ज्यासाठी सारे सोसले ते हाती आले होते.

तोच थोरल्या बाई पुढे बोलल्या. एका मनात दोघींना जागा नसते; एक बसली की दुसरीला उठावे लागते. "बरं झालं ती गेली ते. मी उगाच तुझ्यावर राग धरला. तिचीच चूक. एवढा लोकांचा जीव, आणि सोडून गेली. मोठं काम मिळालं असेल कुठे. एक शब्दानं सांगितलं नाही गं कुणाला. अशी कशी निर्दय बाई?"

"जाऊबाई, तसं नसेल."

"तुला काय माहीत? तू तिला ओळखतेस?"

धाकट्या बाईंच्या ओठांवर सर्व काही आले होते. ती अरुंद गल्ली, ते पांघरूण, तो हात. एका वाक्यात त्या बाईंची बाजू उभी राहिली असती आणि दिलेला शब्द तिथेच कोसळला असता.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी कुठे ओळखते?"

"मग तिची बाजू नको घेऊस. चहा ओत."

अंगावरची शाल सावरून त्यांनी किटली उचलली. थोरल्या बाईंनी रोखून पाहिले आणि त्या कौतुकाने हसल्या. "बघ, सवय लागली तुला. घरातही डाव्या हातानंच ओततेस."

धाकट्या बाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिले. उजवा हात केव्हाचा शालीच्या आत गेला होता.