किलोबाईंची पॉवर बँक

वजनमापे खात्यात बाईंना एकोणतीस वर्षं झाली होती, आणि बाजारात त्यांना खऱ्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. त्या गल्लीच्या टोकाला दिसल्या की दुकानदार एकमेकांना हळूच सांगत, "किलोबाई आल्या!" आणि लगबगीने पारडी पुसायला घेत. बाईंना हे नाव ठाऊक होतं. आवडतही होतं, पण तसं कबूल करणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

ऑफिस सुटलं तरी डोक्यातला काटा सुटत नसे. बिस्किटांचा पुडा आधी वजनकाट्यावर, मग ताटलीत. दुधाची पिशवी आधी मापात, मग पातेल्यात. एकदा औषधाची बाटली मोजली तर ती दोन मिली जास्त भरली. कमी भरली असती तर बाईंनी कंपनीला पत्र लिहिलं असतं. जास्त भरल्यावर काय करतात ते नियमात नव्हतं, म्हणून त्या दिवसभर कुढत बसल्या.

अशा बाईंना पॉवर बँक घ्यायची होती.

दूर डोंगरापलीकडच्या खोऱ्यात दरवर्षी मेंढपाळांची लोकर विकत घेतली जायची. काटा खोटा आहे अशी त्यांची तक्रार आली होती, आणि खरेदीच्या चार दिवसांत तिथे उभं राहून तो तपासण्याचं काम बाईंकडे आलं. खोऱ्यात ना वीज, ना मोबाईलची रेंज. म्हणून ऑफिसने उपग्रहावरून इंटरनेट देणारी, ताटाएवढी एक डिश हातात ठेवली. ती चालवायला वीज कुठून आणायची, हा प्रश्न ऑफिसने मोठ्या मनाने बाईंवर सोपवला.

ऑफिसच्या कामाला इंटरनेट नसतं तरी बाईंचं अडलं नसतं. अडलं होतं ते मास्तरांसाठी. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. सहा महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. तेव्हापासून रोज चार वाजता बाई त्यांच्यासमोर बसून एकेक वस्तू धरायच्या. चमचा. किल्ली. कंगवा. बाई म्हणायच्या आणि मागोमाग मास्तर अडखळत म्हणायचे. स्वतःहून मात्र एक शब्द नाही. सख्ख्या बहिणीसमोरही ते ओठ मिटून बसत. बोलण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "एक दिवससुद्धा चुकवू नका. आलेलं परत जातं." या एका वाक्याने किलोबाईंची झोप उडाली होती. चार दिवस मास्तरांशी बोलणं झालं नाही तर चमचा, किल्ली, कंगवा सगळं पुसलं जाईल, ही भीती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही. त्यांनी हिशेब मांडला.

डिश चाळीस वॉट खाते. रोज अर्धा तास म्हणजे वीस वॉट-तास, चार दिवसांचे ऐंशी. विमानात शंभरापर्यंतची पॉवर बँक विनातक्रार नेता येते. इथपर्यंत कुणालाही जमलं असतं. पुढे मात्र बाईंनी गॅलरीत डिश मांडली, मीटर जोडला, मांडीवर घड्याळ घेतलं आणि दुकानातून आणलेल्या दोन पॉवर बँका पार रिकाम्या होईपर्यंत मोजल्या. तीनतीनदा.

पहिलीवर चौऱ्याहत्तर वॉट-तास लिहिलेले. हाती आले पासष्ट. वाटेत थोडी गळती व्हायचीच, तेव्हा ही प्रामाणिक निघाली. दुसरीवर एकशे पंच्याऐंशी, तेही सोनेरी अक्षरांत. हाती आले शहाऐंशी.

"लबाड कुठली!" बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. लबाडी पकडल्याचा आनंद तर होताच, शिवाय ऐंशीची गरज भागून वर सहा उरत होते.

"वहिनी, त्या खऱ्यावाल्या दोन घ्या ना," नणंद म्हणाली. ती चार दिवस मास्तरांजवळ राहायला आली होती. "कशाला जिवाला घोर?"

"दोन कशाला, वन्सं? एकीत बसतंय की. वरून काहीही लिहिलेलं असो, आत शंभराच्या आतच आहे. मी मोजलंय."

मास्तर खुर्चीतून हे सगळं बघत होते.

विमानतळावर तपासणीच्या टेबलाशी एक पोक्त अधिकारी होते. पितळी वजनांची पेटी त्यांनी कौतुकाने बघून परत दिली. पॉवर बँक मात्र उलटीपालटी करून बाजूला ठेवली.

"ही नेता येणार नाही. एकशे पंच्याऐंशी आहे."

"ते खोटं आहे," बाई म्हणाल्या.

"काय खोटं आहे?"

"लेबल. आत निम्मंच आहे. हा घ्या अहवाल."

अधिकाऱ्यांनी कागद शांतपणे वाचला. "शिक्का कुणाचा?"

"माझा."

"सही?"

"माझीच."

"मॅडम, आम्ही काही आत शिरून मोजत नाही. लिहिलंय ते खरं धरायचं. नाहीतर लिहायचं कशाला?"

शब्दन् शब्द हेच बाई एकोणतीस वर्षं दुकानादुकानांत ऐकवत आल्या होत्या. त्यांनी अहवालाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. पॉवर बँक टेबलावरच राहिली. पलीकडच्या दुकानात विचारलं, तर होत्या तेवढ्या सकाळीच संपलेल्या. विमानाला वीस मिनिटं उरली होती. बाई एका बाकावर बसल्या, आणि हुशारीच्या नादात आपण मास्तरांचे चार दिवस घालवले, या विचाराने त्यांना रडू फुटलं. त्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला.

"वन्सं, मी परत येते. डिश चालायची नाही."

"अगंबाई! झालं काय?"

बाईंनी सगळं सांगितलं. लेबल, शिक्का, सही, काही लपवलं नाही. नणंदेने हसू दाबायला पदर तोंडाशी नेला. तेवढ्यात फोनवरचं चित्र हललं. मास्तरांनी डाव्या हाताने फोन स्वतःकडे ओढला होता. त्यांचे ओठ थरथरत होते. समोर ना चमचा होता, ना किल्ली.

"खोटं," मास्तर म्हणाले. थांबले. कपाळावर घाम आला. "खोटं माप... बाई पकडली!"

बाईंच्या हातून फोन पडता पडता वाचला.

"वन्सं, ऐकलंत ना? तुम्ही साक्षीला आहात! माप म्हणाले ना? हा शब्द मी कधी दिला नव्हता हो त्यांना!"

"ऐकलं, वहिनी, ऐकलं!" नणंद आता उघड रडत होती.

"अहो, पुन्हा म्हणा की. एकदाच."

मास्तरांनी ठाम नकारार्थी मान हलवली. अर्ध्याच तोंडाने, पण ते हसत होते, आणि ते हसू अगदी जुनं, बायकोची फजिती झाल्यावरचं होतं. मग त्यांनी बोट वर केलं.

"जा," ते म्हणाले. पुढच्या शब्दाला वेळ लागला. बाईंनी तो पुरवला नाही.

"लोकर... तोल."