बटरवर मतदान

आमच्या कंडक्टरबाईला साहेब या जमातीचा भारी तिटकारा. बसच्या नोकरीत जन्मभर साहेबांची बोलणी खाल्ली. म्हणून निवृत्त झाल्यावर वस्तीतल्या बायकांना घेऊन तिने बेकरी काढली, तिथे मालक कुणीच नाही. भट्टी कधी पेटवायची, झाडू कुणी मारायचा, सगळं हात वर करून ठरतं. चांगली गोष्ट आहे. मीही मोर्चे काढण्यात केस पांढरे केलेत, मला नका शिकवू. पण बिस्किटात काय घालायचं, याला मतदान?

त्या सकाळी हॉस्पिटलच्या कॅन्टीनला नमुन्याची बिस्किटं द्यायची होती. पसंत पडली तर रोजची ऑर्डर, नाहीतर भट्टीला कुलूप. आणि नेमका बटरवाला आलाच नाही.

"बटरऐवजी तेल घालू," तिची धाकटी जाऊ म्हणाली.

"मार्गारिन आणा. तेलाचा वास मारतो," शिंपीणबाई म्हणाल्या.

"तुमच्या नाकाला मशीनच्या तेलाची सवय, त्याला बेकरी काय करणार?"

मतं समसमान पडली. कंडक्टरबाईने तोडगा काढला: अर्धं तेल, अर्धं मार्गारिन. कुणी नाराज नको.

"अगं, बटर थिजतं, तेल नाही थिजत," मी म्हटलं. "माप तेच ठेवलंस तर पीठ पसरेल. थोडं कमी घाल."

"तू सभासद आहेस का?"

"नाही."

"मग पुढे सरक. दारात गर्दी नको."

ट्रे बाहेर आला तो बिस्किटांची एकच चादर घेऊन. कडा करपलेल्या, मध्ये गिचगोळा. वरून तेल असं चमकत होतं की तोंड बघून वेणी घालावी. तरी सगळ्याजणी तेच तुकडे डब्यात भरून निघाल्या, मागोमाग मीही. तेही मतदानानेच ठरलं.

कॅन्टीनच्या मॅनेजरबाईंनी तुकडा मोडला, बोटं पुसली. "हे कुणी केलं?"

"आम्ही सगळ्यांनी."

"सगळ्यांशी मी बोलत नाही. जबाबदार कोण, ते एक नाव सांगा. नाहीतर डबा उचला."

कंडक्टरबाई पुढे झाली. "मी."

"मग उद्या पुन्हा आणा. नीट."

रस्त्यावर येतोय न येतोय तोच जाऊ कडाडली, "कुणाला विचारून मालकीण झालीस?" तिथेच फुटपाथवर सभा. कंडक्टरबाईच्या निषेधाचा ठराव आला आणि पहिला हात तिचाच वर. शिक्षा ठरली: उद्याचा घाणा तिने एकटीने काढायचा, कुणी सल्ला द्यायचा नाही.

मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तू ऑर्डर वाचवलीस!"

"नियम माझाच आहे."

दुसऱ्या दिवशी तिने लांबच्या बाजारातून बटर आणलं आणि गाल फुगवून एकटीने बिस्किटं भाजली. कॅन्टीनने घेतली, ऑर्डर लागली. उरलेली बायकांनी वाखाणत खाल्ली. तिने एक तोंडात टाकलं, बराच वेळ चावलं.

"हुकूमशहाची बिस्किटं," म्हणाली, आणि दुसरं घेतलं नाही.