साखरेचा खडा

आज इराणीकाकांनी साखरेचा खडा कडकन चावला. त्यांच्याच हॉटेलात त्यांनी मला ‘धीर कडू, पण त्याचं फळ गोड’ ही फारसी म्हण शिकवली होती. खडा दातांत धरून कोरा चहा प्यायचा, खडा चावायचा नाही, विरघळू द्यायचा. म्हणजे म्हण कळते, म्हणायचे. मी दर वेळी चावायचो. ते हसायचे.

त्यांचा परदेशातला मुलगा ‘येतो, येतो’ म्हणत राहिला आणि आजारी काकू त्याची वाट बघत परवा गेल्या. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी तीच म्हण पुटपुटलो.

“विसर ती, बाबा,” काका म्हणाले.

धीर कशासाठी धरायचा असतो? मी चहाचे घोट घेत राहिलो. माझा खडा आज पहिल्यांदाच न चावता विरघळला. तोंड कडूच राहिलं.