खडी की फरशी

फाटकापासून दारापर्यंतच्या गाडीवाटेवर काय घालायचं, ते बघायला आम्ही दुकानात गेलो होतो. आमच्या ह्यांनी मूठभर खडी उचलली आणि कानाशी नेऊन चोळली. ह्यांना आता दिसत नाही. खडी करकरली की कोण आलं ते ह्यांना बसल्या जागी कळतं. पण त्याच खडीवर ह्यांची काठी सरकते. फरशीवर चालणं सोपं, पण ती बोलत नाही. वाटेलाही आवाज असतो, हे डोळसांच्या कुठे लक्षात येतं?

दुकानदार म्हणाला, “आजी, ठरवा ना एकदाचं!”

मी ह्यांनाच विचारलं.

“पडलो तर तू उचलशीलच गं,” हे हसले. “पण तू आलीस, हे मला कोण सांगणार?”

आता तुम्हीच सांगा, मी काय घेऊ?