माघारी वळायचं नाही

आमच्या बाळकुमच्या सोसायटीतले एक गृहस्थ लहान विमानं उडवायला शिकवायचे. बोलणं अगदी संथ. लिफ्ट अडकली तरी म्हणायचे, "आधी सगळे शांत उभे राहा, मग बटण शोधू." उड्डाण होताच इंजिन बंद पडलं, तर धावपट्टीकडे माघारी वळायचं नाही, समोर दिसेल त्या मोकळ्या जागेत उतरायचं, हे ते विद्यार्थ्यांकडून रोज म्हणवून घेत.

त्यांची ठाकुर्लीची एक विद्यार्थिनी तरीही वळली. विमान कोसळलं, ती गेली.

तिच्या आईला भेटायला जाताना त्यांनी मला सोबत नेलं. आईने एवढंच विचारलं, "सर, माझ्या मुलीचं काय चुकलं हो?"

सर म्हणाले, "तिचं काही चुकलं नाही. मीच नीट शिकवलं नव्हतं."

मी काही बोलणार, तोच त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

बाई उठल्या. "मग आता निघा तुम्ही," म्हणाल्या.

सरांनी वाकून नमस्कार केला. जिना उतरताना मात्र त्यांना माझा खांदा धरावा लागला.