मिठातलं कार्ड

कल्पिता घरत चिडली की समोरच्याची बिनपाण्याने हजामत होते. उरणच्या बाजारात तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारीच माझं शिलाईचं, त्यामुळे मला हा तमाशा रोज फुकट. तिचा नवरा हितेश न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवतो. घरात शब्द कोणाचा चालतो, हे विचारू नका.

परवा तिच्या आळीतली ठमाबाई मेमरी कार्ड घेऊन आली. त्यात तिच्या जावेचा, सोनाबाईचा आवाज होता. सोनाबाई धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी लावणारी. ती पुढे गायची, ठमाबाई मागून ओळ उचलायची. गेल्या वर्षी सोनाबाई गेली. धवले उरले ते एवढ्या कार्डात. आता ठमाबाईच्या नातीची, अमिषाची हळद तोंडावर आली आणि कार्ड मुकं झालं.

"काकी, हे पांढरं काय लागलंय?"

"मिठाच्या बरनीन ठेवलेला. मिठान मासली वरीसभर टिकते, मंग गाना का नाय टिकनार?"

आता तोफ सुटणार म्हणून मी कान टवकारले, तर कल्पिता पोट धरून हसत सुटली!

तिने मीठ पुसलं, कार्डावरचे सोनेरी पत्रे घासले. कार्ड उघडलं, पण मध्येच अडलं. मीठ वरवरचं, रोग जुना होता. पोरांनी दर हळदीचे व्हिडिओ त्यात भरले, पुसले, परत भरले. अशाने आतले कप्पे झिजतात. बाद कप्पा कार्ड स्वतःच बाजूला टाकतं आणि राखीव वापरतं. शिवाय मजकुरासोबत पडताळ्याचे आकडे ठेवतं, त्यावरून थोड्या चुका दुरुस्त होतात. चुका फार झाल्या की हिशेबच हात टेकतो.

"फॉरमॅट मारून बघ," मी म्हणालो.

"गुणाजीदादा, तुमी काज-बटनं बघा."

झालं समाधान माझं!

मग तिने मच्छीवालीकडून बर्फ आणला. गार केलं की कधी कधी चुका कमी होतात म्हणे. वायरीला जोडलेलं कार्ड पिशवीत गुंडाळून बर्फावर ठेवलं आणि अडलेला कप्पा ती कॉम्प्युटरकडून पुन्हा पुन्हा वाचून घेऊ लागली. दुपारभर दुकानाला बोंबलाचा वास होता. जेवायलासुद्धा उठली नाही. मिळेल ते सगळं तिने कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं.

देवांना बोलावण्याच्या धवल्यातला मधला तुकडा मात्र गेला तो गेलाच. कल्पिताचा चेहरा पडला.

"काकी, दोन्ही टोकं जोडून देऊ? कोणाला कलनार न्हाय."

"मना कलंल ना. नको जोडू."

कल्पिताने गाणं लावलं. सोनाबाईचा भरदार आवाज आला आणि ठमाबाई सवयीने मागून ओळ उचलू लागली. मग तो तुकडा आला आणि स्पीकर गप्प झाला. पण जन्मभर मागे गायलेली ठमाबाई थांबली नाही. तिने पुढची ओळ स्वतः धरली, मग तिच्या पुढची.

आवाज परतला, तेव्हा सोनाबाई पहिल्यांदाच तिच्या मागून आली. ठमाबाईचे डोळे वाहत होते, पण धवला तिने सोडला नाही.